कपाटाची किल्ली

आमच्या पिढीतील पुष्कळांच्या आठवणीत शाळेचे ग्रंथालय म्हणजे एक कपाट असते. मुख्याध्यापकांच्या खोलीत, नकाशांच्या गुंडाळ्या आणि पृथ्वीचा गोल यांच्या शेजारी ते उभे असे. दारांना काचा होत्या, म्हणून पुस्तकांच्या पाठी दिसत, नावे वाचता येत. पुस्तक मात्र हाती येत नसे. किल्ली एका गुरुजींच्या टेबलाच्या खणात असे आणि ती मागण्याचे धैर्य आम्हां मुलांपैकी फारसे कोणी करीत नसे. वर्षातून एकदा शाळातपासणीच्या आदल्या दिवशी कपाट उघडे, धूळ झटकली जाई, नोंदवहीतील आकडे पुस्तकांशी ताडून पाहिले जात आणि सारे जिथल्या तिथे आहे अशी खात्री झाली की कुलूप पुन्हा लागे.

त्या गुरुजींना आम्ही मनातल्या मनात पुष्कळ बोल लावले. पुढे मोठे झाल्यावर कळले की एखादे पुस्तक हरवले तर त्याची किंमत त्यांच्या पगारातून वसूल होण्याची धास्ती त्यांना होती. ज्याला पुस्तके जपण्याची जबाबदारी दिली आहे, पण वाचून घेण्याची दिलेली नाही, तो माणूस कुलूप लावील नाही तर काय करील? दोष एका माणसाचा नव्हता. पुस्तक हे जडवस्तुसंग्रहातील एक नग आहे, खुर्ची-बाकासारखे मोजून ठेवायचे आहे, ही समजूत त्या कुलपामागे होती. मुलाच्या शिक्षणात ग्रंथालयाचे स्थान काय, या प्रश्नाचे उत्तर शेवटी किल्ली कोणाच्या हाती आहे यावर येऊन ठेपते, असे आम्हांस वाटते. आणि हा प्रश्न ज्या नगरीत शंभर वर्षांपूर्वी फार गांभीर्याने विचारला गेला, त्या बडोद्यातच आम्ही राहत असल्यामुळे त्या इतिहासाकडे वाचकांना थोडे घेऊन जावे, असा या लेखाचा हेतू आहे.

बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचा उल्लेख आला की आपण महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या दूरदृष्टीचा गौरव करतो आणि थांबतो. गौरव यथार्थच आहे. परंतु त्या दृष्टीचे मूळ कोठे होते हे पाहिले तर ती चळवळ अधिक उमगते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्यास आला, तेव्हा त्याचे वय बारा होते आणि शिक्षण जवळजवळ नव्हतेच. इतर मुले ज्या वयात शाळा संपवीत, त्या वयात त्याची अक्षरांशी ओळख सुरू झाली. इलियट यांच्या देखरेखीखाली नेमून दिलेला अभ्यास झाला आणि १८८१ च्या डिसेंबरात राज्यकारभार हाती आला. पण शिकणे तेथे संपले नाही. आयुष्यभर त्यांनी वाचले, टिपणे काढली, प्रवासात जे पाहिले ते आपल्या राज्यात कसे आणता येईल याचा विचार केला. शिक्षण शाळेत सुरू होते, पण ते शाळेत पुरे होत नाही, हे त्यांना कोणाच्या ग्रंथातून शिकावे लागले नसावे. ते त्यांच्या स्वतःच्या अनुभवाचे होते.

१८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो कायद्याने सर्व राज्यास लागू झाला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. त्यांचे विधेयक १९१२ साली फेटाळले गेले. बडोद्यातील कायदा मात्र चालू राहिला.

पण सक्तीच्या शिक्षणाने एक नवाच प्रश्न पुढे आणला. बाराव्या वर्षी शाळा सोडून शेतावर गेलेल्या मुलाला आणि दहाव्या वर्षी चुलीपाशी बसलेल्या मुलीला पुढे वाचायला काय होते? खेड्यात छापील कागद म्हणजे एखादी पोथी, एखादे पंचांग आणि सावकाराची पावती. पाटी सुटली की अक्षरेही हळूहळू सुटत. चार-पाच वर्षे खर्च करून राज्याने जे कमावले, ते पुढच्या चार-पाच वर्षांत गमावले जाण्याची भीती होती. म्हणजे शाळेइतकेच, किंबहुना शाळेच्या पाठीला पाठ लावून, ग्रंथालय उभे राहावयास हवे होते. बडोद्याच्या चळवळीचे हे मर्म आहे: ग्रंथालयाकडे ज्ञानाचा अलंकार म्हणून पाहिले गेले नाही, तर सक्तीच्या शिक्षणाचा उत्तरार्ध म्हणून पाहिले गेले.

या चळवळीचा आरंभ मात्र राजवाड्यातून झाला असे म्हणणे अपुरे ठरेल. मोतीभाई अमीन हे पेटलाद भागातील एक शिक्षक. ज्यांना विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तक नुसते देऊन भागत नाही, ते वाचण्याची गोडी लागेपर्यंत चैन पडत नाही, अशा शिक्षकांपैकी ते होते. त्यांच्या प्रेरणेने १९०६ पासून गावोगाव ‘मित्रमंडळ’ वाचनालये निघाली. साधन अल्प, जागा उसनी, वर्गणी चार आण्यांची. पण गावातल्या तरुणांनी आपली आपण चालविलेली. पुढे राज्याचा ग्रंथालय विभाग निघाल्यावर सरकारने या शिक्षकालाच ग्रामीण ग्रंथालयांच्या कामावर घेतले. वरून आलेली योजना आणि खालून उगवलेली चळवळ यांची गाठ पडली, म्हणून बडोद्याचा प्रयोग कागदावर राहिला नाही.

योजना आली ती अमेरिकेहून. तेथील प्रवासात महाराजांनी सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि न्यू हेवन येथील ‘यंग मेन्स इन्स्टिट्यूट’चे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना १९१० साली बडोद्यास बोलावून घेतले. बॉर्डन हे नामांकित ग्रंथपाल चार्ल्स कटर यांच्या हाताखाली तयार झालेले. बडोद्यात ते सुमारे तीन वर्षे होते. एवढ्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली. महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यातील आपल्या संग्रहातून सुमारे वीस हजार ग्रंथ त्यासाठी दिले. १९११ साली ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. हिंदुस्थानातील असा हा पहिला वर्ग मानला जातो. १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघू लागले. आपल्यासारख्या त्रैमासिकाच्या वाचकांनी या थोरल्या भावंडाची आठवण ठेवावी.

बॉर्डन यांनी आणलेल्या गोष्टींत सर्वांत मोठी होती ती मुक्तद्वार पद्धती. त्यापूर्वीच्या रीतीत वाचकाने चिठ्ठी लिहावयाची, शिपायाने पुस्तक आणून द्यावयाचे. म्हणजे ज्याला काय हवे हे आधीच ठाऊक आहे, त्यालाच पुस्तक मिळणार. मुक्तद्वार पद्धतीत वाचक स्वतः मांडणीपाशी जातो. एक पुस्तक शोधावयास गेलेल्याच्या हाती त्याच्या शेजारचे दुसरे लागते. पण पुस्तके नुसती उघडी ठेवून चालत नाही; त्यांची विषयवार रचना हवी, पत्रतालिका हवी आणि ती रचना वाचकाला उमजेल इतकी सोपी हवी. ज्या मुलाला तालिकेचा खण ओढून लेखकाचे नाव, विषय आणि क्रमांक शोधता येतो, आणि तो क्रमांक घेऊन मांडणीपर्यंत जाता येते, त्याला कोणाचीही किल्ली मागावी लागत नाही. आज ज्याला आपण माहिती-साक्षरता म्हणतो (हा शब्दप्रयोग अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ साली पुढे आणला), तिचा पहिला धडा त्या लाकडी खणांत होता.

मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र सोय होती. मुलांच्या दालनात चित्रांची पुस्तके होती, खेळही होते. पुस्तकांच्या खोलीत खेळ कशाला, असा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला असेल. उत्तर सोपे आहे: ज्या खोलीत मूल आपण होऊन येते, त्याच खोलीत ते आपण होऊन शिकू लागते. शिवाय ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी दृश्यशिक्षणाची शाखा होती. जादूचा कंदील आणि चलच्चित्रे घेऊन ती राज्यात फिरे. आणि जेथे ग्रंथालय नव्हते तेथे फिरत्या ग्रंथपेट्या जात. मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरावयाची, ती गावी पाठवावयाची, ठराविक मुदतीनंतर परत घेऊन दुसरी द्यावयाची. अशा गावी पेटी उघडणारा, नावे लिहून घेणारा, मुदत झाली की आठवण करणारा माणूस बहुधा शाळेचा मास्तरच असे.

पैशाची व्यवस्थाही विचारपूर्वक केलेली होती. गावाने वर्गणीतून जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. सरकारने सगळा भार उचलला असता तर ग्रंथालय सरकारचे झाले असते. गावावर सगळा टाकला असता तर ते झालेच नसते. तिसरा हिस्सा आपल्या खिशातून गेलेला असल्यामुळे लोक विचारू लागत: पुस्तके कोणती आली, वर्तमानपत्र का आले नाही, वाचनालय वेळेवर का उघडत नाही? असे विचारणारे गाव तयार होणे हेही शिक्षणच होय. वाचणाऱ्यांना वाचण्याजोगे हवे, म्हणून ‘सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी व नवशिक्यांसाठी ‘सयाजी बालज्ञानमाला’ निघाल्या. गुजरातीबरोबर मराठीतही त्यांतून लहान, सुटसुटीत पुस्तके प्रसिद्ध झाली.

येथवरचे वर्णन वाचून वाचकांना वाटेल की आम्ही संस्थानी काळाचे स्तोत्र गात आहोत. तसे नाही. या चळवळीला मर्यादा होत्या आणि त्या सांगितल्या नाहीत तर इतिहास अर्धा राहील. पहिली मर्यादा समाजाची. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना बुद्धचरित्राची प्रत भेट देणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईतील एक शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला होता. केळुसकरांच्या खटपटीने महाराजांचे साहाय्य मिळाले आणि १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. परंतु १९१७ साली तेच आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा या ग्रंथालयांच्या नगरीत त्यांना राहावयास खोली मिळाली नाही. दिवस कमाटी बागेत काढून त्यांना शहर सोडावे लागले. महाराजांच्या आज्ञेने ग्रंथालयाचे दार उघडले. लोकांच्या घरांची दारे उघडली नाहीत. पुस्तक समाजापुढे जाऊ शकते, समाजाला ओढून नेईलच असे नाही, हा कठोर धडाही बडोद्यानेच दिला आहे.

दुसरी मर्यादा आमच्या विषयाशी अधिक निगडित आहे. सार्वजनिक ग्रंथालयाला जी स्वतंत्र दृष्टी, स्वतंत्र विभाग आणि शिकविलेला ग्रंथपाल मिळाला, तो शाळेच्या स्वतःच्या ग्रंथालयाला तेथेही नीटसा मिळाला नाही. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तोवर स्वतंत्र भारतात शिक्षणाचा नव्याने विचार सुरू झाला होता. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली आपला अहवाल दिला. बहुसंख्य शाळांत नाव घेण्याजोगे ग्रंथालयच नाही. पुस्तके जुनी, कालबाह्य आणि मुलांची आवड न पाहता निवडलेली. ती एखाद्या अपुऱ्या, अनाकर्षक खोलीत ठेवलेली. आणि त्यांची देखरेख एखाद्या कारकुनाकडे किंवा अनुत्सुक शिक्षकाकडे, असे त्यांचे निदान होते. ते वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आमचेच कपाट उभे राहिले.

पुढे सार्वजनिक ग्रंथालयांसाठी राज्योराज्यी कायदे झाले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच तो केला होता. हैदराबादेत १९५५, कर्नाटकात १९६५, महाराष्ट्रात १९६७, गोव्यात १९९३ आणि गुजरातेत २००१ साली झाला. ज्या ज्या ठिकाणी हे त्रैमासिक वाचले जाते, त्यांतील बहुतेक ठिकाणांची नावे या यादीत आली. पण हे कायदे सार्वजनिक ग्रंथालयांचे. शालेय ग्रंथालयाचे नाव केंद्रीय कायद्यात आले ते २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात: प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत. गोष्टींच्या पुस्तकांचा तेथे मुद्दाम झालेला उल्लेख आम्हांस फार मोलाचा वाटतो. पण कायदा पुस्तके मोजू शकतो, वाचन मोजू शकत नाही. अनेक शाळांत आज कपाटे वाढली आहेत; किल्ली अजून खणातच आहे.

यावर कोणी म्हणेल, आता किल्लीचे काय महत्त्व? मुलांच्या हाती दूरध्वनीचा लहानसा संच आहे आणि त्यात जगातील सगळी पुस्तके आहेत. खरे आहे, हे कुलूप नसलेले कपाट आहे. पण त्याला मांडणीही नाही. खरे आणि खोटे, आजचे आणि पन्नास वर्षांपूर्वीचे, जाणत्याचे आणि अजाणाचे, सारे एकाच ढिगात. पूर्वीच्या मुलापुढे प्रश्न होता पुस्तक मिळेल कसे; आजच्या मुलापुढे प्रश्न आहे मिळालेल्यातले घ्यावे कोणते. बॉर्डन यांच्या पत्रतालिकेची गरज त्यामुळे कमी झालेली नाही, वाढली आहे. फक्त ती आता मुलाच्या डोक्यात बसवावी लागेल.

एक लहानसा दाखला देतो. ‘बडोद्याची ग्रंथालय चळवळ कोणत्या वर्षी सुरू झाली?’ हा प्रश्न एखाद्या वर्गाला घालावा. गाईडमध्ये एक वर्ष असेल, ते पाठ होईल आणि परीक्षेनंतर विसरले जाईल. त्याऐवजी तीन-चार पुस्तके मुलांपुढे ठेवावीत. एकात १९०६ सापडेल, दुसऱ्यात १९१०, तिसऱ्यात १९११. मुले गोंधळतील. तेव्हा गुरुजींनी उत्तर सांगू नये. प्रत्येक लेखक कशापासून मोजतो आहे ते पाहा, एवढेच सांगावे. मग कोणाच्या तरी लक्षात येईल की एकाने मित्रमंडळ वाचनालयांपासून मोजले, दुसऱ्याने बॉर्डन यांच्या आगमनापासून, तिसऱ्याने प्रशिक्षणवर्गापासून. आणि चळवळ कोणाची, शिक्षकाची की राज्याची, या प्रश्नाचे ज्याचे जे उत्तर, तेच त्याचे वर्ष. ज्या मुलाला हे उमगले त्याने केवळ एक सनावळ मिळवली नाही; छापलेल्या शब्दाला प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळवला. हा अधिकार एका पाठ्यपुस्तकाने मिळत नाही. त्याला निदान दोन पुस्तके लागतात, आणि ती शेजारी शेजारी, हाताला येतील अशी लागतात. ग्रंथालय म्हणजे शेवटी याहून वेगळे काय?

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या समाजाला हा विषय आणखी एका कारणाने जवळचा आहे. आपली मुले गुजराती, हिंदी, कन्नड, तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. मराठी त्यांच्या घरात बोलण्यापुरती उरते. शाळेत ती नसेल, तर ती वाचण्याची भाषा केवळ ग्रंथालयातूनच राहू शकते. पण आपण काय करतो? घरातील वडीलधारी माणसे गेली की त्यांचे जीर्ण ग्रंथ शाळेला देणगी म्हणून देतो, फोटो काढतो आणि कर्तव्य संपले असे समजतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला त्यांतले एकही पुस्तक वाचता येणार नाही, हे आपल्याला ठाऊक असते. त्याऐवजी वर्षाला मुलांच्या वयाला साजेशी नवी पंचवीस पुस्तके द्यावीत. ती उघड्या फळीवर ठेवावीत. देवघेवीची वही मुलांनीच लिहावी. आठवड्याचा एक तास त्यासाठी राखावा आणि तो गणितासाठी कोणाला घेऊ देऊ नये. काही पुस्तके फाटतील, काही हरवतील. खडू झिजतो म्हणून आपण फळ्यावर लिहिणे सोडत नाही. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यांतील पहिलाच ग्रंथाचे सार्थक वापरात आहे असे सांगणारा होता.

शेवटी पुन्हा त्या कपाटापाशी येतो. आम्ही सातवीत असताना आमच्या गुरुजींना दीर्घ रजेवर जावे लागले आणि त्यांच्या जागी काही महिन्यांसाठी दुसरे गुरुजी आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कपाट व्हरांड्यात आणविले आणि मधल्या सुट्टीत ते उघडे ठेवू लागले. स्वतः पलीकडे डबा खात बसत. आम्ही काय घेतो याकडे पाहतही नसत, किंवा पाहत नाहीत असे दाखवीत. सत्रअखेरीस चार पुस्तके कमी भरली. त्यांनी ती नावे नोंदवहीत लिहिली, किंमत भरली आणि जाताना किल्ली मुख्याध्यापकांकडे दिली. त्यांनी वर्गात काय शिकविले ते आज आम्हांस आठवत नाही. पण त्या महिन्यांत व्हरांड्याच्या पायरीवर बसून जी पुस्तके आम्ही वाचली, त्यांची नावे आजही क्रमाने सांगता येतील. त्या वर्गातील जे जे पुढे वाचत राहिले, त्यांच्या वाचनाचा हिशेब त्या चार पुस्तकांच्या किमतीशी मांडून पाहावा, आणि मग आपापल्या शाळेतील किल्ली कोठे आहे याची प्रत्येकाने एकदा चौकशी करावी, एवढीच विनंती.